पारधीतील हेतू आणि रस

हिंसेचा विचार शास्त्रात बहुधा स्पष्ट प्रसंगांच्या आश्रयाने येतो. पारधी कुत्रे घेऊन रानात शिरतात, ससा जीव घेऊन पळतो आणि सर्वज्ञांच्या जानूखाली आश्रय घेतो. ससिकरक्षणाची ही लीळा वासनिकांच्या नित्य श्रवणातली आहे. तेथे दोष कोणाकडे व दया कोणावर, हे बालकालाही समजावून सांगावे लागत नाही. ससा कोणाचे काही घेत नाही, कोणाला काही करीत नाही. त्याला मारणे केवळ मारणाऱ्याच्या छंदापुरते असते. परंतु हिंसा सदैव अशा उघड्या रूपाने समोर येत नाही. पुष्कळदा ती दयेचाच वेष घेऊन येते. मारणारा म्हणतो, "हा जीव मारतो तो दुसरा जीव वाचावा म्हणून." तेथे निर्णय कसा करावा? याचे एक खरे उदाहरण ब्रिटनमधील रानांत गेली दीडशे वर्षे घडत आले आहे. उदाहरण परमुलखाचे असले तरी त्यातील गाठ मनुष्यमात्राच्या अंतःकरणातील आहे. म्हणून ते थोडे विस्ताराने पाहणे योग्य होईल.

त्या देशात मूळची खार तांबडी. अंगाने लहान, कानांवर केसांचे तुरे, स्वभावाने बुजरी. सन 1876 मध्ये चेशायर परगण्यातील हेन्बरी येथील एका उद्यानात अमेरिकेहून आणलेल्या करड्या खारी सोडण्यात आल्या. पुढे 1890 मध्ये बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या वोबर्न येथील इस्टेटीत अशाच काही खारी सोडल्या आणि मित्रमंडळींनाही भेट दिल्या. हे सर्व कशासाठी? हिरवळीवर एक गमतीचा प्राणी बागडताना दिसावा, पाहुण्यांनी कौतुक करावे, एवढ्यासाठी. परिणाम असा झाला की करडी खार वाढत गेली आणि तांबडी मागे हटली. करडी अंगाने मोठी. ओकची फळे तिला तांबडीपेक्षा अधिक पचतात. याहून घातक गोष्ट ही की, तिच्या अंगात देवीसारख्या एका रोगाचे विष असते. तिला स्वतःला त्याचा त्रास सहसा होत नाही. परंतु तांबडीला त्याची बाधा झाली म्हणजे डोळे, तोंड, पंजे यांवर फोड येऊन ती बहुधा पंधरा दिवसांच्या आत मरते. शिवाय करडी खार बीच, ओक यांसारख्या तरुण झाडांची साल सोलून आतील रस चाटते, त्यामुळे झाडे वठतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे 27 लाख आणि तांबड्या सुमारे 2 लाख 87 हजार उरल्या होत्या. आणि त्या तांबड्यांपैकी बहुसंख्य एकट्या स्कॉटलंडमध्ये.

राज्यसत्तेने उपाय केले नाहीत असे नाही. 1937 साली करडी खार आणण्यास व पाळण्यास बंदी झाली. 1950 च्या दशकात सरकारने शेपटीमागे एक शिलिंग, पुढे दोन शिलिंग बक्षीस लावले. शेपट्यांचे ढीग जमले, पैसे वाटले गेले, आणि खारी होत्या तशाच पसरत राहिल्या. शेवटी ती योजना गुंडाळण्यात आली. जीवाची किंमत शेपटीवर मोजणारी योजना फसली याचे दुःख करण्याचे कारण नाही.

आता पारधीचा प्रकार पाहू. करडी खार मारण्याचे लोकप्रिय साधन म्हणजे हवेच्या दाबाने शिशाचा छर्रा उडविणारी बंदूक. साडेचार किंवा साडेपाच मिलिमीटरचा तो छर्रा. ठराविक मर्यादेपेक्षा कमी जोराची बंदूक असल्यास इंग्लंडमध्ये प्रौढास परवानाही लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र 2016 च्या डिसेंबरअखेरीपासून प्रमाणपत्र घ्यावे लागते. तीसेक मीटरच्या आत, डोक्यावर नेम साधला तरच खार तत्काळ मरते. म्हणून पारधी हिवाळ्याची वाट पाहतो. पाने गळालेली असतात, फांद्या उघड्या पडतात, काटक्यांची घरटी दुरूनही दिसतात. खार हिवाळ्यात झोपून राहत नाही. थंड, कोरड्या, वारा पडलेल्या सकाळी ती पुरून ठेवलेली फळे उकरण्यासाठी खाली उतरते. वारा नसला की छर्रा भरकटत नाही. पारधी दाणे ठेवलेल्या खोक्यासमोर झाडाला टेकून बसतो, श्वास रोखतो, आणि निःशब्द वनात त्याला एक प्रकारची एकाग्रता लाभते. या कलेचे भोक्ते त्या शांततेचे वर्णन मोठ्या प्रीतीने करतात. ते वर्णन खोटे नाही. आणि याच ठिकाणी साधकाने सावध व्हावे.

येथे पूर्वपक्ष असा मांडला जाईल: ससिकरक्षणाच्या लीळेतील ससा निरुपद्रवी होता, करडी खार तशी नाही. तिच्या असण्यानेच दुसरी मरते. मग तिला मारणारा पारधी आणि सशामागे लागलेला पारधी यांना एका पंक्तीत बसविणे अन्याय होय. वेल्सजवळील अँग्लसी बेटाचे उदाहरण या पक्षाला बळ देते. तेथे 1998 च्या सुमारास तांबड्या खारी सुमारे चाळीस उरल्या होत्या. करड्या खारी सापळ्यांत धरून मारण्याचे काम तेथे चिकाटीने, पुढील दीड दशकभर झाले. बेट करड्यांपासून मोकळे झाले आणि तांबड्यांची संख्या शेकड्यांत गेली. मारण्याने काही साधले नाही, असे म्हणून हा पूर्वपक्ष उडवून लावता येणार नाही. साधले. प्रश्न एवढाच, की साधल्याने दोष जातो काय?

विचार करताना प्रथम अपाय आणि अपराध यांचा भेद ध्यानात घ्यावा. करड्या खारीकडून अपाय होतो, यात संशय नाही. परंतु तिच्याकडून अपराध होत नाही. अपराधाला जाणीव लागते. आपल्या अंगात विष आहे हे तिला ठाऊक नाही. ती या भूमीत स्वतः आली नाही. ज्यांनी आणली त्यांच्या कौतुकाला ती बळी पडली. म्हणून तिला शत्रू म्हणणे, घुसखोर म्हणणे, तिच्या मरणाने समाधान मानणे, हे विचाराचे नव्हे तर द्वेषाचे भाषण होय. त्या देशातील पारधीच्या वाङ्मयात असे शब्द पुष्कळ आढळतात. हेतू रक्षणाचा असेल तर द्वेषाची आवश्यकता का पडावी?

दुसरे असे की, "तांबडी जात वाचविली" हे बोलणे सोयीचे असले तरी जातीला दुःख होत नाही; दुःख भोगतो तो एकेक जीव. जीव अनंत आहेत आणि प्रत्येकाचे सुखदुःख वेगळे आहे, हा आपल्या शास्त्राचा सिद्धांत आहे. करड्या खारीच्या मस्तकात छर्रा शिरतो तेव्हा मरते ती करडी जात नव्हे, एक जीव. याच न्यायाने फोडांनी आंधळी होऊन मरणारी तांबडी खारही एक जीवच आहे, आणि तिच्या वेदनेकडे डोळेझाक करणेही दया नव्हे. हा पेच खरा आहे. तो शब्दांनी सुटत नाही. म्हणून एवढेच म्हणता येते की, वनरक्षणाचे कर्तव्य अंगावर घेतलेला मनुष्य जेव्हा अन्य उपाय न उरल्याने मारतो, तेव्हा त्याचा दोष छंदाने मारणाऱ्याच्या दोषाहून हलका असेल. परंतु हेतूच्या बळावर तो शून्य होत नाही. आचार स्वीकारलेल्या भिक्षुकाला तर यात कोणतीच सवलत नाही, हे सांगण्याचीही गरज नसावी.

परंतु खरा प्रश्न वनरक्षकाचा नाही. तो त्या पारध्याचा आहे, जो हिवाळ्याची शांतता भोगण्यास जातो आणि विचारल्यास तांबड्या खारीचे नाव सांगतो. त्याचा हेतू कोणता हे त्याच्या मुखावरून नव्हे, तर त्याने निवडलेल्या ऋतूवरून पाहावे. करडी खार झाडांची साल मुख्यतः वसंताच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभी सोलते. म्हणून तेथील वनखात्याचा परंपरागत उपदेश असा, की झाडे वाचवायची असल्यास एप्रिल ते जुलै या काळात उपाय करावा. हिवाळ्यात रिकामे केलेले रान शेजारच्या खारी येऊन लवकरच पुन्हा भरून टाकतात. तांबड्या खारींच्या आश्रयस्थानाभोवती मात्र वर्षभर काम चालते, आणि पाने नसताना नेम धरणे सोपे जाते हेही खरे आहे. तरीपण झाडांच्या नावाने जो केवळ थंडीतच जातो आणि मे महिन्यात घरी बसतो, त्याला त्या रानात कोण घेऊन जाते? झाडे नेत नाहीत. सकाळची थंडी, बंदुकीची ठेवण, नेमाची परीक्षा ही नेतात. हेतू पुढे चालत असतो आणि रस त्याच्या मागून, त्याच्याच सावलीत, न दिसता चालत असतो. हेतू नसलेला रस तरी ओळखता येतो. हेतूच्या सावलीतला रस ओळखणे फार कठीण, कारण त्याला मनुष्य पुण्य समजतो.

हिवाळ्याची आणखी एक गोष्ट आहे. करड्या खारींचा एक संयोगकाल याच थंडीत असतो, आणि सहा आठवड्यांच्या गर्भानंतर पिले साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मतात. उघडी, आंधळी पिले कित्येक आठवडे आईच्या दुधावर असतात. बंदुकीच्या दुर्बिणीतून नर कोणता आणि पाजणारी मादी कोणती, हे दरवेळी कळत नाही. थंडी सरत आली असता झाडलेला एक छर्रा घरट्यातील दोन-तीन जीवांना, ते कोणाला दिसत नसताना, उपाशी मारतो. मुंगीचासुद्धा संसार आपल्या निमित्ताने मोडू नये असे ज्या मार्गात शिकविले जाते, त्या मार्गातील मनुष्याला हा हिशेब डावलून पुढे जाता येणार नाही. पारध्याने मोजलेल्या खारी आणि प्रत्यक्ष मेलेल्या खारी यांचा आकडा एक नसतो.

काही पारधी म्हणतात, "आम्ही वेदना होऊ देत नाही, एका छर्‍यात काम होते, त्यासाठी वर्षभर पुठ्ठ्याच्या निशाणावर अभ्यास करतो." ही काळजी स्तुत्य आहे. दगडाने ठेचणाऱ्यापेक्षा हा मनुष्य बरा, यात वाद नाही. परंतु वेदना कमी करणे म्हणजे हिंसा कमी करणे. ती दया नव्हे. दयेचा आरंभ "कसे मारावे" येथून होत नाही. खेड्यातील पोर गलोलीने खारीवर खडा मारते तेव्हा वडीलधारे त्याला नेम सुधारण्यास सांगत नाहीत; गलोल काढून घेतात.

मग परीक्षा कोणती? ती अशी की, न मारता तेच कार्य होऊ लागले तर मारणाऱ्याला काय वाटेल? हा प्रश्न आता केवळ तर्काचा राहिलेला नाही. पाणमांजराच्या कुळातील पाइन मार्टेन नावाचा एक मांसभक्षक प्राणी आयर्लंड व स्कॉटलंडमधील काही वनांत पुन्हा वाढला, आणि जेथे तो वाढला तेथे करड्या खारी घटून तांबड्या परतल्याचे अभ्यासकांना आढळले. हे श्वापदाचे कर्म होय, मनुष्याचे नव्हे. तथापि याच उद्देशाने जो तो प्राणी मुद्दाम आणून सोडील त्याच्याकडे निमित्ताचा काही अंश राहीलच, हेही विसरू नये. याहून सौम्य उपाय म्हणजे अन्नातून देऊन संतती थांबविणारे औषध. त्यावर ब्रिटनमध्ये काही वर्षांपासून संशोधन चालू आहे. या वार्ता ऐकून ज्या पारध्याला सुटल्यासारखे वाटेल, त्याचे रक्षणाचे बोलणे खरे मानावे. ज्याला हिवाळ्याची सकाळ रिकामी होईल म्हणून हळहळ वाटेल, त्याने ती हळहळ कोठून आली हे एकांतात शोधावे. वोबर्नच्या हिरवळीवर खार सोडणाऱ्यालाही एक सुखच हवे होते. डोळ्यांच्या सुखासाठी तो जीव आणला गेला आणि नेमाच्या सुखासाठी मारला जात आहे. मधल्या दीडशे वर्षांत त्या जीवाला कोणी काही विचारले नाही.

शेवटी एक शंका राहते. त्या देशात पकडलेली करडी खार पुन्हा रानात सोडणे हा कायद्याने गुन्हा आहे. रस्त्यात जखमी पडलेली खार एखाद्या कनवाळू मनुष्याने उचलली, तर तिला बरी करून मोकळी सोडण्याची वाट त्याला नाही. विशेष परवान्याशिवाय ती घरी ठेवताही येत नाही. पशुवैद्याकडे नेल्यास तो बहुधा तिला सुई देऊन मारील. अशा वेळी त्या मनुष्याला हिंसेचा दोष लागतो काय? ज्याने तिला ओझे समजून, हात मोकळे व्हावेत म्हणून तेथे नेले, त्याच्याकडे अनुमोदनाचा दोष येईल. ज्याने वाचेल या आशेने नेले, परवानाधारक आश्रयस्थान कोठे आहे याची चौकशी केली, आणि काहीच न साधल्याने तिची तडफड थांबावी एवढेच मागितले, त्याला मारणाऱ्याच्या पंक्तीत बसविता येणार नाही. मात्र घरी परतल्यावर त्याने आपले काम नीट पार पडले असे समाधान मानू नये. एका जीवाला आपल्याकडून आश्रय देता आला नाही, ही खंत त्याने जवळ ठेवावी.