शेवटच्या स्वाराचा वेग

"पैसेच गोळा करायचे आहेत ना, मग सरळ पैसे माग. मध्ये सायकल कशाला?" एखाद्या रुग्णालयासाठी किंवा शाळेसाठी सायकल चालवायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. विचारणारा बहुधा घरातलाच असतो आणि त्याच्या मनात खोट नसते. दोनशे किलोमीटर पॅडल मारल्याने कॅन्सरच्या एकाही पेशीला धक्का लागत नाही. त्यासाठी औषधे लागतात, डॉक्टर लागतात, यंत्रे लागतात. मग एकाच्या मांड्या भरून आल्या, तर दुसऱ्याच्या उपचाराच्या खात्यात ते कुठे जमा होते?

जमा होते, असे अनुभव सांगतो. बिली स्टार या अमेरिकी तरुणाची आई त्वचेच्या कॅन्सरने गेली. 1980 साली त्याने मित्रमंडळी जमवली आणि 36 जण मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डहून समुद्राकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकलवर गेले. 10,200 डॉलर जमले, ते बॉस्टनच्या डॅना-फार्बर कॅन्सर संस्थेला दिले. त्याच राइडला आता 'पॅन-मॅस चॅलेंज' म्हणतात. दरवर्षी हजारो लोक तिच्यात उतरतात आणि आजवरची एकूण रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. तेच 36 जण घरी बसून पत्रे पाठवत राहिले असते, तर इथवर मजल गेली नसती.

असे का होते, याचा शोध ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शाफीर या दोन संशोधकांनी घेतला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात लोक सहलीच्या जेवणापेक्षा दमवणाऱ्या धावेच्या निमित्ताने जास्त दान द्यायला तयार झाले. देण्यासाठी स्वतःला त्रास होणार असेल, तर देणे अधिक अर्थपूर्ण वाटते. ज्या कामासाठी द्यायचे त्यात माणसांचे दुःख असेल, तर हा परिणाम आणखी ठळक होतो.

मराठी घराला हे प्रयोगाने सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. पोराचा ताप उतरू दे, अनवाणी तुळजापूरला येईन, असे म्हणणारी आजी प्रत्येक गावात होती आणि आहे. कुणी लोटांगण घालत देवळात जातो, कुणी घरच्या आजाऱ्यासाठी सोमवार धरतो. आपल्या देहाला होणारा त्रास दुसऱ्याच्या कामी यावा, ही माणसाची फार जुनी आस आहे. प्रायोजकाकडून दर किलोमीटरमागे रुपये मागणारा सायकलस्वार त्याच आसेचा आधार घेतो. फरक इतकाच, की नवस देवाशी बोललेला असतो आणि इथे ओळखीपाळखीच्या माणसांशी.

पण या आसेकडे धर्मविचाराने कायम सावधपणे पाहिले आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तप आणि दान दोन्ही तीन-तीन प्रकारांत विभागले आहेत. मान, सत्कार, वाहवा मिळावी म्हणून दंभाने केलेले तप राजस. मूढ हट्टाने शरीराला पीडा देऊन केलेले तप तामस. दानाचेही तसेच: परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी दिलेले सात्त्विक, फळावर डोळा ठेवून किंवा जिवावर येऊन दिलेले राजस, आणि घेणाऱ्याची अवहेलना करत दिलेले तामस. वारकरी संतांनी तर देह झिजवून देव मिळवण्याचा मार्गच बाजूला ठेवला आणि संसारात राहून नाम घ्या, असे सांगितले. देहाचे हाल हे पुण्याचे चलन आहे, हे त्यांना मान्य नव्हते.

धर्मादाय राइडला ही कसोटी लावली, की अडचणीचे प्रश्न उभे राहतात. जर्सीवर प्रायोजकाचे नाव, छातीवर क्रमांक, शेवटी पदक, संध्याकाळी स्ट्राव्हा ॲपवर सरासरी वेग आणि फोटो. यातले किती आजारी माणसासाठी आणि किती स्वतःसाठी?

या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला जीनो बार्ताली उभा आहे. इटलीचा हा सायकलपटू 1938 आणि 1948 अशी दोनदा टूर द फ्रान्स जिंकला. या दोन विजयांच्या मधल्या काळात, 1943-44 मध्ये, तो सरावाच्या निमित्ताने फ्लॉरेन्सहून असिसीकडे जायचा. सायकलच्या नळ्यांमध्ये बनावट ओळखपत्रांसाठी लागणारे फोटो आणि कागद लपवलेले असत. नाझींपासून लपलेल्या ज्यूंचे प्राण त्या कागदांवर अवलंबून होते. युद्धानंतर तो त्याबद्दल चारचौघांत बोलला नाही, मुलालाही गप्प राहायला सांगितले. 2000 साली तो गेला आणि इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने 2013 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, त्याला सन्मान दिला.

बार्तालीपुढे मान लवते. तरीही त्याचे मौन सगळ्यांसाठी मापदंड होऊ शकत नाही. त्याचे काम गुप्त राहिले तरच साधणार होते. रुग्णालयासाठीची राइड गुप्त ठेवली, तर एक रुपयाही जमणार नाही. गाजावाजा हा त्या कामाचाच भाग आहे. म्हणून कसोटी जाहिरातीत शोधण्यात अर्थ नाही. ती रस्त्यावर, प्रत्यक्ष सायकल चालत असताना शोधायला हवी, आणि तिथे ती फार लवकर सापडते.

पुण्यात रविवारी पहाटे निघणारी कुठलीही साधी ग्रुप राइड घ्या. ना पावती, ना पदक. साडेपाचला चौकात भेटायचे, खडकवासल्याकडे किंवा बोपदेव घाट चढून पुढे जायचे, मिसळ खायची आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचे. सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला लीड, सर्वांत मागे स्वीप. स्वीपचे काम एकच: शेवटच्या माणसाच्या पुढे जायचे नाही. तो माणूस ताशी बाराने चालला, तर स्वीपही बारानेच. पंक्चर झाले तर स्वीप थांबणार, ट्यूब काढणार, पंप देणार. बहुतेक वेळा हा त्या गटातला सर्वांत ताकदीचा स्वार असतो. ताशी तीसने सहज जाऊ शकणारा माणूस दोन तास बाराने चालवतो, तेव्हा तो काय देत असतो?

तो आपला वेग देत असतो. हे दान पैशाच्या दानापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. हजार रुपये दिले तरी देणारा होता तसाच राहतो, फक्त खिसा हलका होतो. वेग द्यायचा म्हणजे महिनोन्‌महिने घाम गाळून जे कमावले, ज्याच्या जोरावर आपण 'स्ट्राँग रायडर' ठरलो, तेच तेवढ्या वेळापुरते खाली ठेवायचे. अहंकार नेमका तिथेच बसलेला असतो, म्हणून हे जड जाते.

शिवाय हे देणे दिखाऊ होणे कठीण. स्वीपचा फोटो कुणी काढत नाही; स्ट्राव्हावर त्याची सरासरी घसरलेलीच दिसते. एका रुपयाचाही निधी न जमवणारी ही राइड गीतेतल्या सात्त्विक दानाच्या जास्त जवळ जाते, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र थांबण्यातही दोन तऱ्हा आहेत आणि घाटात मागे पडलेल्या प्रत्येकाला त्या ठाऊक असतात. पुढचे लोक माथ्यावर थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात. शेवटचा स्वार धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी कुणीतरी म्हणते, "चला, सगळे आले, निघूया." म्हणजे सर्वांत दमलेल्या माणसाला विश्रांतीच नाही! थांबले सगळे, पण त्याच्यासाठी नाही. आणि त्याने ओशाळून "माझ्यामुळे उशीर होतोय" म्हटले, तर अवहेलना न बोलताही पोचलेली असते. चांगल्या गटाचा नियम निराळा असतो: शेवटचा आल्यावर, त्याचे पाणी पिऊन झाल्यावर आणि त्याचा श्वास बसल्यावरच निघायचे. निघायचे कधी, हे त्याने सांगायचे.

वाऱ्याचे गणितही इथे बोलके आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या आसपास गेले, की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या मागे चाक लावून चालले, की हा भार बराच हलका होतो, म्हणून पुढे राहायची पाळी आळीपाळीने घेतात. एवढे साऱ्यांना माहीत असते. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की मागे कुणी जवळून चालत असेल तर पुढच्याला होणारा हवेचा रोधही किंचित कमी होतो. फायदा अगदी थोडा आहे, पण मोजता येण्याजोगा आहे. आधार देणारा आणि घेणारा असे दोन कप्पे निसर्गालाही पूर्णपणे पाडता आलेले नाहीत.

आषाढीच्या आधी महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून पंढरपूरला सायकल वारी निघते. नाशिकहून अंतर तीनशे किलोमीटरच्या पुढे, पुण्याहून दोनशेच्या पुढे. ही खरी वारी म्हणायची का, अशी कुरबुर ऐकू येते. पालखी जे अंतर अठरा-वीस दिवसांत चालते, ते सायकलवर एक-दोन दिवसांत उरकले तर वारीचे काय राहिले? आक्षेप वजनदार आहे. वारीत पोचण्याइतकेच चालणे महत्त्वाचे असते. दिंडी तिच्यातल्या म्हाताऱ्यांच्या चालीने चालते. कुणी किती तासांत आला, हे तिथे कुणी विचारत नाही, आणि समोर आलेल्याच्या पायाशी 'माउली' म्हणून वाकताना त्याची जात किंवा हुद्दा पाहायचा नसतो. सायकल वारीने दिंडीची चाल घेतली, पुढच्याने मागच्यासाठी ब्रेक लावला, तर दिवस कमी लागले म्हणून ती खोटी ठरत नाही. आणि कोण आधी पोचतो याचीच शर्यत झाली, तर कपाळाला लावलेल्या बुक्क्याने तिची वारी होणार नाही.

देणारा आणि घेणारा यांच्यातला दानाचा हा पेच वरोऱ्याजवळच्या आनंदवनात फार आधी हाताळला गेला होता. नुसत्या दानाने माणूस लाचार होतो, कामाने तो उभा राहतो, अशी आनंदवन उभे करणाऱ्या बाबा आमट्यांची धारणा होती. याच बाबांनी 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली ती सायकलींची. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरचे, पंजाब धुमसत असतानाचे दिवस होते. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना मणक्याच्या आजाराने बसता येत नव्हते, म्हणून ते गाडीत आडवे पडून सोबत होते. ही यात्रा निधीसाठी नव्हती. तरुणांनी एकमेकांसोबत घाम गाळावा आणि वाटेतल्या गावांनी ते पाहावे, हेच तिचे काम होते.

देणारा कोण आणि घेणारा कोण, हा प्रश्न टँडेम सायकलवर सर्वांत उघडा पडतो. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी तरुणपणी गेली. 2016 मध्ये त्यांनी मनाली ते खारदुंगला हा हिमालयातला मार्ग टँडेमवर पार केला. त्यांची 'ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशन' ही संस्था अपंग आणि धडधाकट माणसांना एकत्र खेळायला आणते. टँडेमवर पुढे बसणारा कॅप्टन, मागचा स्टोकर. दोघांची पॅडल एका साखळीने बांधलेली असतात, त्यामुळे एकाने पाय थांबवले तर दुसऱ्याचेही थांबतात. कॅप्टनला रस्ता दिसतो. खड्डा, ब्रेक, गिअर हे सगळे त्याला स्टोकरला बोलून सांगावे लागते, नाहीतर दोघेही पडतील. स्टोकरच्या पायांशिवाय चढ सरत नाही. आपण अंध माणसाला फिरवून आणू, अशा भावनेने पुढे बसलेला माणूस पहिल्याच घाटात ती भावना विसरतो.

अमेरिकेत 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसपर्यंत एड्ससाठीची राइड सुरू झाली. एड्स झालेल्याच्या शेजारी बसायला लोक घाबरत होते तो हा काळ. आयोजनावर खर्च फार होतो, यावरून पुढे मोठा वाद झाला आणि अशा राइड भरवणारी डॅन पॅलोटा यांची कंपनी 2002 मध्ये बंद पडली. पैशाचा तो हिशेब विचारलाच पाहिजे होता. पण त्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडली. एचआयव्ही असलेले लोक स्वतः सायकल घेऊन उतरले, 'पॉझिटिव्ह पेडलर्स' नावाचा गट करून, उघडपणे. ज्यांच्यासाठी निधी जमत होता, ते निधी जमवणाऱ्यांच्याच रांगेत चालवू लागले, त्यांच्याच पंगतीत जेवू लागले, शेजारच्या तंबूत झोपू लागले.

इकडच्या आयोजकांना एवढे करणे अजिबात अवघड नाही. अंधशाळेसाठी राइड काढत असाल, तर मुलांना टाळ्या वाजवायला कडेला उभे करू नका. चार टँडेम मिळवा आणि त्यांना बसवा. रुग्णालयासाठी काढत असाल, तर बरे झालेल्या रुग्णांना आधी विचारा, कोण येतो, किती अंतर झेपेल. मग राइडचे अंतर त्यांच्या उत्तरावरून ठरवा.