वाट ज्याची त्याला शोधू द्या

१९१५च्या जानेवारीत गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतले. त्यांचे राजकीय गुरू गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना सांगितलं: वर्षभर देश फिरा, डोळे-कान उघडे ठेवा, जाहीर मतं मांडू नका. फेब्रुवारीतच गोखले वारले. तरी गांधीजी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देश पाहत राहिले.

न्यायमूर्ती रानड्यांच्या तालमीत घडलेल्या गोखल्यांनी शिष्याच्या हाती तयार उत्तरं दिली नाहीत. स्वतः पाहायला लावलं. खरा मार्गदर्शक असाच असतो.

आज घरातलं, शेजारचं एखादं मूल काही विचारायला आलं, तर मोबाइल बाजूला ठेवा. त्याचं पूर्ण ऐकून घ्या. मग विचारा, ‘तुला काय वाटतं?’ त्याची वाट आपल्यापेक्षा वेगळी निघाली, तरी पाठीशी ठाम उभे राहा.