आपला हात आणि परका जीव

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळली आहे की तिचा अर्थ थांबून तपासावा, असे सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः तिला दोन अर्थ आहेत. दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता आपले काम आपण करावे, हा एक. आणि वाढणारा हात आपलाच असला म्हणजे किती घ्यावे याला धरबंद राहत नाही, हा दुसरा, किंचित उपरोधाचा. पहिल्यात स्वावलंबनाचा गौरव आहे, दुसऱ्यात स्वैरपणाची थट्टा आहे. या दोहोंमधली सीमारेषा नेमकी कोठे ओढावयाची, हा नीतिशास्त्रातला एक जुनाच प्रश्न आहे. तो अमूर्त पातळीवर मांडला की शब्दांचे जाळे तेवढे वाढते. म्हणून एका अगदी मूर्त वस्तूच्या आधारे तो मांडण्याचा विचार आहे. ती वस्तू म्हणजे घरच्या अंगणात, मालकाच्या स्वतःच्या हातांनी दुरुस्त होणारी जुनी मोटारगाडी.

हा दृष्टान्त निवडण्याला स्थळाचेही कारण आहे. आमचे जबलपूर नर्मदेचे आणि संगमरवराचे शहर म्हणून प्रसिद्ध असले, तरी त्याचा अर्धा जीव कारखान्यांत आहे. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ साली सुरू झाला आणि सैन्याच्या मोटारी बनवणारा वाहन कारखाना १९६९ साली. ‘जोंगा’ या सैनिकी गाडीचे नावच मुळी या शहराच्या आणि येथील कारखान्याच्या इंग्रजी नावांतील अक्षरे जुळवून तयार झाले आहे. सैन्याने निकालात काढलेल्या जोंगा लिलावातून खासगी मालकांकडे गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्या दुरुस्त करण्याची हौसही घरोघरी गेली. अशा शहरात हाती पाना धरण्यात कोणी कमीपणा मानीत नाही. आठवडाभर कचेरीत टिप्पण्या लिहिणारा माझ्यासारखा कारकूनही रविवारी सकाळी एखाद्या उघड्या बॉनेटपाशी रेंगाळतो, आणि त्याला तेथून हलावेसे वाटत नाही.

माझ्या एका स्नेह्यांकडे वडिलांपासून चालत आलेली स्टँडर्ड हेराल्ड आहे. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ही दोन दारांची, ९४८ घनसेंटिमीटर इंजिनाची गाडी १९६१ पासून बनवली. मूळ घराणे इंग्लंडातील ट्रायम्फचे, आणि रेखाटन मिकेलॉटी या इटालियन कलावंताचे. याच हेराल्डची चौकट आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली ‘स्पिटफायर’ ही स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे हेराल्डचा मालक हा नात्याने का होईना, स्पोर्ट्स कारवाल्यांच्याच गोतावळ्यातला. या गाडीचे बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसह अख्खेच्या अख्खे पुढे कलते, आणि इंजिन व पुढच्या चाकांची सारी रचना उघडी पडते. पुढच्या टायरवर बैठक मारून माणसाला निवांत काम करता येते. ‘ये, आणि मला हात लाव’ असे जणू ही गाडीच मालकाला सांगत असते. तिचे हे निमंत्रण किती स्वीकारावे, येथे आपल्या प्रश्नाचा आरंभ होतो.

प्रथम ठिणगीची व्यवस्था पाहू. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून वाहत असतो. डिस्ट्रिब्युटरमधले दोन छोटे पॉइंट एकमेकांपासून अलग झाले की तो एकाएकी तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९१० च्या सुमारास रूढ केलेली ही युक्ती पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या गाड्यांत टिकली. पॉइंट पूर्ण उघडले असता त्यांच्यातील फट ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते आणि गाडी चढावर धापा टाकते. कंडेन्सर निकामी झाला तर पॉइंट जळून काळे पडतात. हे सारे एक पेचकस, फटीत सरकवावयाची पोलादी पाती आणि एक छोटा दिवा एवढ्या सामग्रीवर समजून घेता येते व दुरुस्तही करता येते.

या कामाचा एक विशेष असा की त्यात चूक लपून राहत नाही. फट चुकली तर गाडी सुरूच होत नाही, किंवा खोकत, अडखळत चालते. प्लगच्या तारांचा १-३-४-२ हा क्रम चुकला तर इंजिन तत्काळ निषेध नोंदवते. आणि दंड कोणाला? ज्याने काम केले त्यालाच. नागपूरच्या वाटेवर लखनादौनच्या अलीकडे भर उन्हात तो उभा राहील, घाम पुसील आणि पुन्हा झाकण उघडील. कर्ता आणि भोक्ता येथे एकच आहे.

आता चाकांच्या आधाराची व्यवस्था पाहू. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला आटे पाडलेल्या एका पितळी तुकड्यात बसलेला असतो. त्याला ट्रनियन म्हणतात. सुकाणू फिरवले की दांडा त्या आट्यांत फिरतो. या जागेला ग्रीस नव्हे, तर गिअरपेटीत घालतात तसले घट्ट तेल नियमाने द्यावे लागते. ते न मिळाल्यास आटे कोरडे पडतात, दांडा गंजतो व झिजतो, आणि एके दिवशी मोडून चाक आतल्या बाजूस कोलमडते. डाव्या आणि उजव्या ट्रनियनचे आटे उलटसुलट असतात, पण वरकरणी दोन्ही तुकडे सारखेच दिसतात. मागच्या चाकांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांना मिळून पाट्यांचा एकच आडवा संच आहे, आणि चाकाचा आस मधल्या सांध्याभोवती वरखाली झुलतो. वेगात वळण घेताना चालकाने मध्येच पाय काढला तर बाहेरचे चाक गाडीखाली दुमडू पाहते आणि मागचा भाग हातून निसटतो. ट्रायम्फने स्पिटफायरच्या १९७० सालच्या आवृत्तीत या पाट्यांची मांडणी बदलली ती याचसाठी.

येथे चुकीचा स्वभाव पार बदलतो. ढिला राहिलेला नट, न घातलेली कॉटर पिन, चुकीच्या बाजूला बसवलेला ट्रनियन यांपैकी एकही गाडी सुरू होताना तक्रार करीत नाही. दारापासून कोपऱ्यापर्यंत गाडी उत्तम चालते. आठवडा चालेल, कदाचित वर्षही चालेल. आणि जेव्हा ती बोलेल, तेव्हा समोर मालकच असेल असे नाही. सायकलवरून घरी परतणारा एखादा कामगार असेल, शाळेच्या फाटकापाशी थांबलेले मूल असेल. कर्ता एक आणि भोक्ता दुसराच, आणि त्या भोक्त्याला कोणी विचारलेलेही नाही. शेजारी बसणाऱ्या मित्राला ‘पुढचे चाक मीच बसवले आहे, चालेल ना?’ असे विचारता येते, आणि तो हसून उतरू शकतो. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला हे विचारण्याची सोयच नाही.

माझ्या मते सीमारेषा आहे ती येथे. स्वहस्ते कामाचा अधिकार केवळ कौशल्याने ठरत नाही, काटकसरीने ठरत नाही आणि मालकी हक्कानेही ठरत नाही. चुकीचे फळ कोणाच्या पदरात पडणार, यावर तो ठरतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात व्यक्तीच्या स्वातंत्र्याची मर्यादा दुसऱ्याच्या हानीपाशी आखली, हे सर्वश्रुत आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही हाच भेद आपल्या परीने मानला आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा उतरवावा की नाही, हे तो मालकावर सोडतो. परक्याला होणाऱ्या इजेचा विमा मात्र सक्तीचा करतो. तथापि विमा म्हणजे नुकसानीची भरपाई. झालेली इजा त्याने न झालेली होत नाही. कायदा जेथे थांबतो, त्यापुढे विवेकाला चालावे लागते.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की ही रेषा मी दाखवतो तितकी स्वच्छ नाही. भरधाव वाहतुकीत इंजिन एकाएकी बंद पडले तर मागून येणाऱ्याचा जीव धोक्यात येतोच. उलट पुढच्या चाकावरची दाबलेली गुंडाळी स्प्रिंग काढताना निसटली तर ती प्रथम काम करणाऱ्याचाच हात मोडील. हे खरे आहे. परंतु संधिप्रकाश असतो म्हणून दिवस आणि रात्र एकच ठरत नाहीत. यंत्राचा भाग कोणता, हा प्रश्नच दुय्यम आहे. या कामात माझी चूक मला प्रथम कळेल की दुसऱ्याला प्रथम भोवेल, एवढे प्रत्येक वेळी विचारले म्हणजे पुरे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मग चाकांचे काम सरळ मिस्त्रीकडे सोपवावे आणि मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. पण मोकळे होता येते काय? हेराल्ड हाताळलेला मिस्त्री आज विरळा. पितळी ट्रनियनमध्ये तेलाऐवजी ग्रीस भरणारा हात पगारी आहे म्हणून ती चूक लहान होत नाही. काम दुसऱ्याला देता येते, जबाबदारी देता येत नाही; आणि ‘मला काय कळते त्यातले’ हे उद्गार विनयाचे वाटले तरी पुष्कळदा ते सोयीचे असतात. ज्याने स्वतः कधी चाक खोलून पाहिले आहे, त्यालाच मिस्त्रीला योग्य प्रश्न विचारता येतो. म्हणून स्वतःच्या हाताने करण्याचा आग्रह मी सोडीत नाही. अज्ञान हे निरपराधित्वाचे प्रमाणपत्र नव्हे.

याच संदर्भात कचेरीच्या कामाची आठवण होते. तेथे एक कागद चार टेबलांवरून जातो. मी टिप्पणी लिहितो, तिच्याखाली दुसऱ्याची आद्याक्षरी होते, तिसरा मंजुरी देतो. या पद्धतीत एक मोठा गुण आहे: लिहिणाऱ्याखेरीज इतरांचे डोळे कागदावरून फिरतात. आणि एक मोठा दोषही आहे: पुढचा पाहीलच, या भरवशावर प्रत्येकाचा डोळा अर्धा मिटलेला असू शकतो. अंगणातल्या दुरुस्तीत याच्या नेमके उलट घडते. तेथे जबाबदारी पुरेपूर एकाची असते, पण डोळेही त्या एकाचेच असतात. एका ठिकाणी डोळे पुष्कळ आणि हात कोणाचाच नाही. दुसऱ्या ठिकाणी हात निश्चित आणि डोळे अपुरे. खरी नीती या दोहोंचा मेळ घालण्यात आहे. उत्तरदायी हात एक असावा, आणि त्याच्या कामावर दुसरा डोळा असावा. संरक्षण सामग्रीच्या बाबतीत ती बनवणारी यंत्रणा आणि तिची गुणवत्ता तपासणारे महासंचालनालय या दोन स्वतंत्र व्यवस्था ठेवलेल्या आहेत, त्यामागचे तत्त्व हेच. बनवणाऱ्यावर अविश्वास आहे म्हणून हे केलेले नाही. आपल्या हातचे काम पाहताना डोळा हाताची बाजू घेतो, हे मानवी स्वभावाचे ज्ञान त्यामागे आहे.

मोठमोठ्या कंपन्याही या नियमाला अपवाद नाहीत. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाडीच्या मागच्या चाकांची रचना अशीच झुलत्या आसाची होती, आणि राल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या गाजलेल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण तिच्यावर लिहिले. पुढे १९७२ साली तेथील सरकारी अहवालाने ती गाडी तत्सम गाड्यांहून अधिक धोक्याची नसल्याचा निष्कर्ष काढला. त्या वादाचा निवाडा काहीही असो. बनवणाऱ्यांच्या बाहेरच्या कोणीतरी पाहिले आणि विचारले, हीच त्यातली मोलाची गोष्ट. वाहन सुरक्षिततेचा विचार जगात त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

जुन्या गाडीच्या मालकाला हा नियम अधिकच लागू आहे, कारण त्याच्या वाटेत एक खास मोह उभा असतो. मूळ भाग मिळत नाहीत. मग दुसऱ्या गाडीचा नट, लोहाराकडून घडवून घेतलेला पाटा, ‘तूर्त चालेल’ म्हणून घातलेला वायसर, असा व्यवहार सुरू होतो. जुगाडाचे कौतुक आपल्याकडे थोडे जास्तच होते. ठिणगीच्या कामात जुगाड ही बुद्धीची क्रीडा असेल. चाकाच्या कामात तो परक्याच्या जिवावर घेतलेला उधार आहे, आणि ते कर्ज कोणाच्या नावे मांडले आहे हे त्या माणसाला ठाऊकही नसते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणीअंती नवी करून घ्यावी लागते, पण पाच वर्षांतून एकदा पडणारा सरकारी डोळा दर रविवारी चालणाऱ्या हाताला पुरा पडणार नाही.

तो दुसरा डोळा कोणाचा असावा? ‘वा, छान जमले’ म्हणणाऱ्या मित्राचा नव्हे. ज्याला आपल्या काटकसरीत वाटा नाही, आपल्या हौसेचे कौतुक नाही आणि ‘हे उघडा, पुन्हा बसवा’ असे म्हणण्याची ज्याला भीड नाही, अशा जाणत्या माणसाचा असावा. त्याच्यासमोर प्रत्येक नट पुन्हा आवळून दाखवावा. यात मानहानी नाही. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही हे ठीक. हातच्या कामाला मात्र तो लागतो.

आणि आता त्या म्हणीकडे पुन्हा पाहिले तर तिच्यातच एक शहाणपण दडलेले दिसते. पुरीच्या ज्या जगन्नाथाच्या नावाने आपण आपल्या हाताचा गौरव करतो, त्याच्या मूर्तीला पंजे नाहीतच. आहेत ते भले मोठे, वाटोळे, कधीही न मिटणारे डोळे. आपल्या हाताला जगन्नाथ म्हणावयाचे असेल, तर त्या हातावर असले डोळे सदैव राहतील अशी व्यवस्था आपणच केली पाहिजे.