दंड भरला, हक्क राहिला

रात्री अकरानंतर एखाद्या वस्तीतून बुलेट धडधडत जाते आणि मधूनच फटाक्यासारखे बार काढते. स्वार दोन मिनिटांत दिसेनासा होतो. मागे राहतात ती माणसे त्याला ठाऊक नसतात: दचकून उठलेले तान्हे मूल, छातीवर हात ठेवून बसलेला हृदयरोगी, पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार. या दोन मिनिटांचा हिशोब कोणी, कोणाला आणि कसा द्यायचा, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ रचनेत वाहनमालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ४० आहे. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते. दर १० डेसिबलमागे ध्वनीची तीव्रता दहापट होते. महाराष्ट्रातील अनेक शहरांत वाहतूक पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवतात, ते याच कायद्याच्या बळावर.

चलान भरले की कायद्यापुरता विषय संपतो. पण दंडाची रक्कम जाते शासनाच्या तिजोरीत. ज्या आजाऱ्याची झोप मोडली, त्याच्या हाती काय पडले?

इस्लामची शिकवण इथून पुढे सुरू होते. अल्लाहचे हक्क आणि दासांचे हक्क, म्हणजेच हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, यांत विद्वानांनी भेद केला आहे. नमाजमधील कसूर प्रामाणिक तौबेने माफ होण्याची आशा बाळगता येते. माणसाचा हक्क मात्र त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या उम्मतमधील खरा दिवाळखोर कोण, हे समजावून सांगितले आहे. तो नमाज-रोजे घेऊन परलोकात हजर होतो. पण लोकांना दिलेल्या त्रासाच्या भरपाईत त्याची सारी पुण्याई वाटली जाते. चोराला निदान कोणाचे घर फोडले ते माहीत असते. आवाजाने छळणाऱ्याला आपल्या धनकोंची नावेही माहीत नसतात. मग तो माफी मागणार तरी कोणाकडे?

यावर तरुण म्हणतात, गाडी माझी, पैसा माझा. हनफी फिक्हमध्ये मालकीच्या हक्काला मोठा मान आहे, हे खरेच. तरीही उत्तरकालीन फकीहांनी त्याला एक सीमा घातली, ती म्हणजे जररे फाहिश, अर्थात उघड व गंभीर हानी. शेजाऱ्याची भिंत हादरेल अशी गिरणी स्वतःच्या घरातही चालवू नये, असा निर्णय त्यांनी दिला. स्वतःच्या चार भिंतींत ही मर्यादा असेल, तर सर्वांच्या मालकीच्या रस्त्यावर ती किती अधिक लागू होईल? प्रेषितांनी रस्त्याचे हक्क मोजून दाखवले, तेव्हा त्रास न देणे हा त्यांतील एक हक्क सांगितला. कुरआनच्या सूरह लुकमानमध्ये एक पिता पुत्राला चालीत मध्यमपणा राखण्याचा आणि आवाज खाली ठेवण्याचा उपदेश करतो. चाल आणि आवाज ही दोन्ही गर्वाची वाहने आहेत. आज ती एकाच यंत्रात एकवटली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. इतरांचे डीजे रात्रभर वाजतात, मग पोलीस आमच्याच मुलांना का अडवतात? कारवाईत जिथे भेदभाव होत असेल, तिथे सनदशीर मार्गाने जाब विचारलाच पाहिजे. न्यायाची मागणी हेही धर्मकर्तव्य आहे. मात्र पोलिसाच्या अन्यायाची किंमत झोपलेल्या आजाऱ्याकडून वसूल करता येत नाही. त्याने आपले काय बिघडवले होते?

मन सर्वांत अधिक विषण्ण होते ते शबे बारातला. क्षमायाचनेची म्हणून जागवली जाणारी ही रात्र. वडीलधारी माणसे कब्रस्तानात हात उचलून दुआ मागत असतात, आणि बाहेरच्या रस्त्यावर काही मुले बाइकच्या कसरती करत असतात. एकाच घरातून एक जण माफी मागायला निघतो आणि दुसरा देण्याचा बोजा वाढवायला.

या बोजात भागीदारही आहेत. मुलाच्या हट्टाखातर पैसे देणारे पालक आणि चार पैशांसाठी असा सायलेन्सर बसवणारा मेकॅनिक यांनी, पापाच्या कामात सहकार्य करू नये हा कुरआनचा आदेश आठवावा. मेकॅनिकच्या हातची कला हलाल आहे. या कामाची मजुरी घेण्याआधी त्याने थोडे थांबून विचार करावा.

तौबेची वाट बंद नाही. कृत्य थांबवणे, पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निर्धार या तिच्या अटी आहेत. मूळ सायलेन्सर परत बसवणे हे त्या निर्धाराचे पहिले रूप होय. ज्यांची नावे माहीत आहेत, त्या शेजाऱ्यांची जाऊन माफी मागावी. जे अज्ञात आहेत, त्यांच्यासाठी दुआ करावी, त्यांच्या वतीने सदका द्यावा आणि अल्लाहच्या कृपेची आशा धरावी. चौकात पोलीस नसतानाही ज्याची गाडी वस्तीतून हळुवार जाते, त्याच्या मनात परलोकाची जाणीव जागी आहे, असे समजावे. अल्लाह आपणा सर्वांना ही जाणीव देवो. आमीन.