थांबण्याची विद्या

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला एखादी गोष्ट नव्याने शिकायची म्हटले की संकोच वाटतो. आणि जी आपल्याला पंचवीस वर्षे येते असा समज आहे, तीच पुन्हा शिकण्याची वेळ आली तर हा संकोच लज्जेपर्यंत जातो. मोटारसायकल चालविण्याच्या बाबतीत मला ही लाज पत्करावी लागली. प्रसंग वरवर पाहता लहान आहे; परंतु त्यातून निघालेला प्रश्न मला लहान वाटत नाही. माणसाला आत्मविश्वास वाटतो तो कशाच्या आधारावर, आणि दुसऱ्याचा जीव आपल्या पाठीशी बसलेला असताना त्या आधाराची परीक्षा घेतल्यावाचून तो बाळगण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, असा तो प्रश्न आहे.

म्हैसूरला बदली होऊन आलेला मराठी माणूस राजवाडा, चामुंडी टेकडी आणि श्रीरंगपट्टण पाहून झाले की सोमनाथपूरकडे वळतो. होयसळांच्या काळचे, तेराव्या शतकातील ते केशवमंदिर बन्नूरच्या थोडे पुढे आहे. म्हैसूर ते बन्नूर हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. रस्ता भाताच्या खाचरांतून आणि उसाच्या मळ्यांतून जातो. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पत्नीला मागे बसवून मी त्या रस्त्याने निघालो होतो. गाडी जुनी येझदी, याच शहरातल्या यादवगिरीच्या कारखान्यात तयार झालेली. १९६०-६१ मध्ये उभा राहिलेला तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पण त्याच्या गाड्या अद्याप येथल्या रस्त्यांवर दिसतात, आणि त्यांच्या मालकांना त्यांचा थोडासा गर्वही असतो. मलाही होता.

बन्नूर जवळ आले असता रस्त्यावर रागी, म्हणजे आपली नाचणी, पसरलेली होती. सुगीच्या दिवसांत या भागातले शेतकरी पीक डांबरी रस्त्यावर अंथरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली त्याची मळणी करून घेतात. मी ते दुरून पाहिले आणि वेग तसाच ठेवला. गाडी काडांवर आली, आणि त्याच क्षणी कडेची एक म्हातारी हातात सूप घेऊन दोन पावले पुढे सरकली. मी घाबरून उजवा पाय दाबला. मागचे चाक फिरायचे थांबले, गाडी आडवी झाली आणि घसरत गेली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पत्नीचे मनगट मोडले. म्हातारीने सूप टाकून प्रथम तिला उठवून बसवले आणि पाणी आणून दिले. तिच्या रागीचा अर्धा ढीग आमच्या गाडीने कडेच्या चरात ढकलला होता. त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.

पुढचे सहा आठवडे, मनगट प्लास्टरमध्ये असेपर्यंत, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच हकीकत सांगत होतो : रस्त्यावर रागी होती. ऐकणारे माना डोलवीत आणि शेतकऱ्यांच्या बेपर्वाईवर बोलत. हे अगदी खोटेही नव्हते. रस्त्यावर पीक पसरणे धोक्याचे आहे, आणि सरकारी अधिकाऱ्यांकडून त्याला वेळोवेळी मनाईही होत असते. परंतु एके दिवशी पाहुणे गेल्यावर पत्नी शांतपणे म्हणाली, “अहो, रागी मलासुद्धा पुष्कळ दुरून दिसली होती. तुम्ही वेग कमी कराल म्हणून मी गप्प बसले.”

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या हकीकतीतला प्रत्येक शब्द खरा होता आणि हकीकत खोटी होती.

गाडी दुरुस्तीला दिली ती एका वृद्ध मेकॅनिककडे. त्याने उमेदीची काही वर्षे यादवगिरीच्या कारखान्यात काढली होती. त्याने मोडके पायदान पाहिले, मागचा टायर एकाच जागी घासलेला पाहिला आणि विचारले, “सार, त्या वेळी तुमचा उजवा हात काय करीत होता?” मी म्हणालो, पुढचा ब्रेक मी सहसा लावीतच नाही, लहानपणी सायकलवर असताना कोणीतरी बजावले होते की पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर आपटतो. तो हसला नाही. “म्हणजे इतकी वर्षे तुम्ही अर्धीच गाडी चालवलीत,” एवढेच म्हणाला.

नंतर काही रविवार मी एका मोकळ्या मैदानाशेजारच्या निर्जन रस्त्यावर त्याच्या देखरेखीखाली शिकलो. शास्त्र कठीण नाही. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो. पुढचे चाक जमिनीवर अधिक दाबले जाते आणि मागचे हलके होते. म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, आणि मागच्यावरच विसंबणाऱ्याचे हलके झालेले चाक सहज घसरते. मात्र पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नसतो. भार पुढे येऊ द्यायचा आणि मग दाब वाढवीत न्यायचा. हे सारे गाडी सरळ असताना, वळणाच्या आधी. वेगाचा हिशेब तर त्याहून कठोर आहे : वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरला ९ मीटर लागत असतील तर ८० ला ३६ लागतात. शिवाय डोळ्यांनी पाहिलेले हातापर्यंत पोहोचायला एक सेकंद लागला, तर ताशी ६० च्या वेगात तेवढ्यात जवळजवळ १७ मीटर निघून गेलेले असतात. आणि वय वाढते तसा हा सेकंद आखडत नाही, लांबतो.

मी विचारले, “मग रागीवर कोणता ब्रेक लावायचा?” तो म्हणाला, “कोणताही नाही. रागीच्या आधी लावायचा.”

२०१९ च्या एप्रिलपासून आपल्याकडे १२५ सीसीवरील नव्या मोटारसायकलींना चाक अडकू न देणारी ब्रेकव्यवस्था सक्तीची आहे. ती निःसंशय उपकारक आहे. परंतु निसरड्या काडांवर नसलेली पकड कोणतेही यंत्र निर्माण करीत नाही, आणि ब्रेक केव्हा लावावा हे तर ते ठरवूच शकत नाही. तो निर्णय माणसाकडेच राहतो, आणि म्हणून प्रश्न नीतीचा होतो.

ॲरिस्टॉटलने धैर्याला भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधले स्थान दिले, आणि सद्गुण आचरणानेच अंगी बाणतात असे सांगितले. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात बुद्धी सारथी आहे आणि मन लगाम. दोन्ही विचार मला तरुणपणापासून ठाऊक होते. पण लगाम खेचण्याचीही एक वेळ असते, आणि ती टळून गेल्यावर केलेला संयम हा केवळ घाबरटपणा असतो, हे मात्र मला बन्नूरच्या रस्त्याने शिकविले. रागीवर दाबलेल्या माझ्या पायात सावधगिरी नव्हती. सावधगिरीची जागा शंभर पावले मागे राहून गेली होती.

ती मागे का राहिली? कारण त्या शंभर पावलांत मला स्वतःविषयी शंका आली नाही. तरुणाचा निःशंकपणा अननुभवातून येतो आणि त्याला कोणी ना कोणी टोकत असतो. आपला, म्हणजे अधिकारपदावर मध्यमवय गाठलेल्या माणसांचा, निःशंकपणा अनुभवाच्या नावावर उभा असतो, आणि त्याला टोकणारे हळूहळू नाहीसे झालेले असतात. कचेरीत आपल्या टिपणीवर हाताखालचे लोक शंका घेत नाहीत. परमुलखात तर जुने मित्र आणि वडीलधारी मंडळीही जवळ नसतात. चूक पंचवीस वर्षे निभावून गेली की आपण तिलाच कसब म्हणू लागतो. मागे बसलेले माणूसही, त्याला धोका दिसत असूनही, आपल्यावरच्या विश्वासाने गप्प राहते. हा विश्वास आपल्या आत्मविश्वासाचा पुरावा नव्हे. ते आपल्यावरचे ऋण आहे. एकट्याने जाणारा स्वतःचे हाड पणाला लावतो. त्यालाही तो अधिकार पुरता नसतो, कारण रस्त्याच्या कडेला सूप घेतलेली म्हातारी असते. ज्याच्या पाठीशी कोणी बसले आहे, त्याला तर तो मुळीच नसतो.

याचा अर्थ पन्नाशीत गाडी सोडून द्यावी असा नाही. भीतीने आखडलेला हातही ब्रेक चुकीचाच दाबतो. आपल्याला किती वेगाने जाता येते यापेक्षा कोठे थांबता येते हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्याचाच आत्मविश्वास खरा, आणि तो वाढत्या वयातही नव्याने मिळविता येतो.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत आम्ही पुन्हा सोमनाथपूरला निघालो. रागी दिसताच मी दोन्ही ब्रेक लावून वेग उतरविला आणि माणूस चालतो त्या गतीने, ब्रेकला हात न लावता, काडांवरून गाडी सरळ नेली. पत्नी काही बोलली नाही. पण या वेळचे मौन वेगळे होते. कधी तरी असा दिवस येईल की शंभर पावलांवरची रागी मला दिसणार नाही, किंवा दिसूनही हात वेळेवर हलणार नाही. तो दिवस तिच्या मनगटावरून न कळता मला स्वतःला आधी कळावा आणि मी गाडी स्टँडवर लावून किल्ली खाली ठेवावी, एवढी विद्या अजून शिकायची राहिली आहे.