रतामाच्या झुडपाखाली

जीव द्यावासा वाटणाऱ्या मनुष्याचे अंतःकरण दुसऱ्याने जाणावे तरी कसे? वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ याचे उत्तर प्रश्नावलीत शोधले. वय, व्यसन, पूर्वीचा प्रयत्न अशा खुणा मोजावयाच्या आणि धोका 'कमी' की 'अधिक' ते ठरवावयाचे. परंतु २०१७ साली जोसेफ फ्रँकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा खुणांवरून केलेले भाकीत नाणे उडविण्यापेक्षा फारसे सरस नसल्याचे दिसून आले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड जोब्स चिकित्सकांना निराळी रीत शिकवितात. चिकित्सक अनुमती मागून रुग्णाच्या शेजारी खुर्ची घेतो. मनाची वेदना, ताण, निराशा, स्वतःविषयीचा तिटकारा किती आहे, हे रुग्ण आपल्या हाताने कागदावर नोंदवितो. जगण्याची कारणे लिहितो, तशी मरण्याचीही. ही दुसरी यादी वाचताना दचकू नये, उपदेश करू नये, हेच शिकणे मला सर्वांत कठीण वाटते.

येथे एक शंका उभी राहते. माहिती काढून घेण्यासाठी जोडलेले नाते हे नाते की सापळा? हेतू लपविला तर तो सापळाच होय. म्हणून कागद दोघांच्या समोर असतो, आणि "आपण जीव देण्याचा विचार करीत आहात काय?" हा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारला जातो. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही आपल्या मंडळ्यांतही आढळणारी समजूत अभ्यासाअंती टिकलेली नाही.

भाषांतर करताना 'यादा' या इब्री क्रियापदाने मला अनेकदा अडविले आहे. ठाऊक असणे आणि निकट संबंध असणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठीत मात्र बहुधा एकच निवडावा लागतो.

एलीयाने रतामाच्या झुडपाखाली मरण मागितले (१ राजे १९). देवदूताने त्याचा धिक्कार केला नाही. त्याला स्पर्श केला, भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले. पुढे होरेबात, सर्व काही ठाऊक असूनही, तो येथे काय करीत आहे असे देवाने त्यालाच दोनदा विचारले. एलीयाने दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे सांगितले, आणि दोन्ही वेळा ते ऐकून घेतले गेले.

आपल्या पाळकांना प्रवचन शिकविण्यात वर्षे जातात. असा प्रश्न विचारून गप्प बसावयास त्यांना कोण शिकवितो? पाळक चिकित्सक नव्हे, हे खरे. धोका दिसताच त्या मनुष्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. अपरात्र असेल तर २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या शेजारी बसूनच लावावा.