आतला काठ, बाहेरचा काठ



आषाढीला घाटाच्या पायऱ्या उतरून तुम्ही वाळवंटात पाय ठेवता, तेव्हा पायाखालची वाळू कुठून आली असा विचार कधी मनात आला आहे का? ती मूळची पंढरीची नाही. सह्याद्रीचा काळा खडक ऊन-पावसाने फुटला, ओढ्यांनी तो खाली आणला, इंद्रायणीने तुळापुरापाशी भीमेच्या हवाली केला, नीरेने नरसिंहपुरापाशी आपला वाटा घातला. म्हणजे देहू-आळंदीचे पाणी ज्या वाटेने आले त्याच वाटेने तीही आली. आणि आपल्यासारखीच मुक्काम करत करत आली, फक्त तिचा एकेक मुक्काम कित्येक वर्षांचा.

हा मुक्काम कुठे पडायचा ते नदीचे वळण ठरवते. पंढरीपाशी भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. वळणावर काय घडते हे समजायला चहाचा पेला पुरे. दिंडीत गाळणी धड नसली की पेल्याच्या तळाला चहाची पूड उतरतेच. चमच्याने चहा गोल ढवळा आणि हात काढून घ्या. वाटते, पूड कडेला फेकली जाईल. पण ती येते मधोमध. कारण वरचे पाणी जोरात कडेकडे जाते, तिथून खाली उतरते, आणि तळाशी घासून मंद झालेले पाणी मध्याकडे सरकताना पूड बरोबर घेऊन येते. आइन्स्टाइन यांनी १९२६ साली चहाच्याच दाखल्याने नद्यांची नागमोडी वळणे समजावून दिली होती. नदीतही वरचे जोरकस पाणी बाहेरच्या काठावर आदळते, तिथे डोह पडतो, दरड ढासळते. तळचे पाणी वाळू आतल्या काठाकडे ओढते आणि तिथे ती ठेवून देते. जाड वाळू खालच्या अंगाला, बारीक तिच्यावर. आणि पूर रानात चढून थबकला की त्यातली मऊ मळी सर्वांत शेवटी.

मी एवढ्या खोलात शिरलो त्याला घरचे कारण आहे. आमचे रान एका वळणाच्या आतल्या काठाला आहे. आजोबांच्या हयातीत नदीने त्याला एकरभर मळई जोडली. समोरच्या काठावर एका कुटुंबाची विहीर गेली, मग बांधावरचे आंबे गेले, मग निम्मे रान गेले. आजोबा माळकरी होते, एकही वारी त्यांनी चुकवली नाही. ते म्हणत, पांडुरंगाने दिले. आजी यावर काही बोलत नसे. पण रब्बीची रास झाली की ती एक पोते ज्वारी नदीपलीकडे पाठवी. आजोबा त्याला दान म्हणत. आजीला तो शब्द आवडत नसे.

माऊली, प्रश्न इथेच आहे. आपल्या पदरात पडले ते पांडुरंगाने दिले असे आपण म्हणतो, आणि ते म्हणताना मनात नम्रताच असते. पण तोच पूर, तीच रात्र, आणि समोरच्याची दरड कोसळते आहे. मग त्याला काय दिले? कुणी म्हणतात, ते त्याचे प्रारब्ध. मला हे पटत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर प्रारब्धाचा शिक्का मारणे फार सोपे असते, स्वतःच्या दुःखावर तो मारताना हात कापतो. आमच्या आजोबांचे पुण्य जास्त आणि समोरच्यांचे कमी, असे नदीला काही माहीत नव्हते. आम्ही आतल्या काठाला होतो, एवढेच.

आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रात माजुली नावाचे बेट आहे. शंकरदेव आणि माधवदेव या वैष्णव संतांची भेट याच भूमीवर झाली असे तिथे मानतात, आणि त्यांच्या परंपरेतली सत्रे, म्हणजे मठ म्हणा, तिथे शतकानुशतके नांदत आहेत. नामसंकीर्तन हेच त्यांचेही साधन. तिथे नदी एका धारेने वळत नाही. ती वेणीसारखी अनेक धारांत फुटते, मध्ये वाळूचे चर उभे राहतात आणि काही वर्षांत मोडतातही. १९५० च्या १५ ऑगस्टच्या भूकंपाने डोंगर खचले, अफाट गाळ नदीत आला, पात्र उंचावले आणि धारा काठ खाऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी खूप मोठे असलेले हे बेट आता पुष्कळच लहान उरले आहे. कित्येक सत्रे उठून दुसऱ्या काठाला गेली. तिथल्या कीर्तनकारांना जाऊन सांगाल का, की तुमचे पुण्य कमी पडले?

दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनची गोष्ट तर याहून विचार करायला लावणारी. ब्राझीलमध्ये या नदीच्या सुमारे दोन हजार किलोमीटरच्या टप्प्याचा गाळाचा हिशेब अभ्यासकांनी मांडला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. ओबिडोस या गावापाशी वर्षाला सुमारे एक अब्ज टन गाळ समुद्राकडे जाताना दिसतो. पण त्या टप्प्यात नदी काठ कापून जेवढा गाळ उचलते आणि पुराच्या मैदानात व वाळूच्या दांड्यांवर जेवढा ठेवते, ती प्रत्येक बाजूची देवघेव ओबिडोसवरून जाणाऱ्या गाळापेक्षाही मोठी निघाली. म्हणजे अँडीज पर्वतातून निघालेला कण थेट समुद्राला जात नाही. तो एका काठाला बसतो, वळण सरकले की तोच काठ कापला जातो, आणि कण पुढच्या कुणाच्या तरी रानात जातो. आजचा आतला काठ कायमचा आतला नसतो.

हे वाचल्यापासून मला आजीचे पोते वेगळे दिसू लागले. ती काही पुण्य जोडत नव्हती. बहुधा तिच्या लेखी ते वाहते ठेवण्याचे काम होते. उलट आपण काय करतो ते बघा. १९८० साली भीमेवर उजनी धरण पुरे झाले. त्याने रान भिजले, ऊस आला, ते मी नाकारत नाही. माझ्या घरीही त्याचे पाणी पोचले आहे. पण वरून येणारी वाळू धरणाच्या फुगवट्यात बसते, आणि खाली जी उरली ती आपण ट्रकने उपसतो. वाळवंटात खड्डे पडतात, त्यात स्नानाला उतरलेला वारकरी बुडतो. घेणारा दर वेळी म्हणतो, नदीने दिले.

आजी गेल्यावर पोते काही वर्षे बंद पडले. कुणी मुद्दाम बंद केले नाही, राहून गेले. सातबाऱ्यावर आता माझे नाव आहे. गेल्या वारीत समोरच्या घरातला नातू वाटेत भेटला, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. दोघे एका टपरीवर चहा प्यायला थांबलो. पेला संपवताना त्याने सहज विचारले, "काका, तुमचं रान अजून वाढतंय का?"

मी हो म्हणालो. रास झाल्यावर येतो, असेही म्हणालो. यंदा रास बरी झाली आहे.